पोतोसी: चांदीच्या डोंगराखालचं शहर बघायला जाताय? त्याआधी हे वाचा

बस थांबते. तुम्ही पाठीवरची सॅक सावरत उतरता, समोरच्या चढाच्या गल्लीत वीस पावलं चालता आणि थांबता. छाती धडधडतेय, डोकं जड झालंय, श्वास पुरत नाहीये. तेवढ्यात शेजारून एक सत्तरीची आजी पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन सावकाश पुढे निघून जाते. तिला धाप लागलेली नाही.

बोलिव्हियातल्या पोतोसी या शहरात पहिल्यांदा येणाऱ्या जवळपास प्रत्येक बॅकपॅकरचं स्वागत असंच होतं. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी हे जगातल्या सर्वात श्रीमंत शहरांपैकी एक होतं. आज ते दक्षिण अमेरिकेतल्या गरीब देशांपैकी एका देशातलं, त्यातही गरीब भागातलं शहर आहे. या दोन वाक्यांमध्ये जे घडलं, ते समजून घ्यायला लोक इथे येतात. पण इथे आल्यावर दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच द्यावी लागतात. एक, एवढ्या उंचीवर आपलं शरीर साथ देईल का? आणि दोन, जिथे माणसं आजही जीव धोक्यात घालून काम करतात, त्या खाणीत पर्यटक म्हणून उतरावं का?

चला, सगळं क्रमाने समजून घेऊया.

पोतोसी आहे कुठे आणि किती उंच?

पोतोसी बोलिव्हियाच्या दक्षिण भागात, अँडीज पर्वतरांगेत आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरपेक्षा जास्त, म्हणजे १३,००० फुटांच्या वर. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. एकावर एक अशी जवळपास अडीच कळसूबाई रचली, तर पोतोसीच्या चौकापर्यंत पोहोचता येईल. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. म्हणजे ज्या रोहतांगला आपण गाडीतून उतरून फोटो काढतो आणि तासाभरात खाली येतो, त्याहून उंच जागी इथे शाळा, बाजार, विद्यापीठ आणि फुटबॉलचं मैदान आहे.

'जगातलं सर्वात उंच शहर' असं पोतोसीचं वर्णन तुम्ही अनेक रील्समध्ये ऐकलं असेल. ते तंतोतंत खरं नाही. बोलिव्हियातलंच एल आल्तो हे शहर त्याच्याहून थोडं उंच आहे आणि पेरूमधली ला रिंकोनादा ही सोन्याच्या खाणीची वस्ती तर ५,००० मीटरच्याही वर आहे. पण जगातल्या सर्वात उंच शहरांच्या कोणत्याही यादीत पोतोसीचं नाव असतंच.

शहराच्या डोक्यावर सुमारे ४,८०० मीटर उंचीचा, शंकूच्या आकाराचा लालसर डोंगर उभा आहे. स्पॅनिशमध्ये त्याला 'सेर्रो रिको' म्हणतात, म्हणजे श्रीमंत डोंगर. स्थानिक केचुआ भाषेत तो 'सुमाक उर्कु', म्हणजे सुंदर डोंगर. पोतोसीच्या कुठल्याही गल्लीच्या टोकाला हा डोंगर दिसतो. या शहराचं सगळं भलं आणि सगळं वाईट त्याच्यामुळेच झालं.

एवढ्या उंचीवर शरीराचं काय होतं?

उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो. नेमकं सांगायचं तर ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब कमी होतो. पोतोसीत हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साधारण ६० टक्के असतो. म्हणजे मुंबईत एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या जेमतेम तीन पंचमांश इथे मिळतो.

शरीर मग भरपाई करायला लागतं. श्वास जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात, लघवी जास्त होते, झोप मोडते. बऱ्याच जणांना पहिल्या रात्री डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं आणि थकवा जाणवतो. याला उंचीचा आजार म्हणतात. बोलिव्हियात त्याचं नाव 'सोरोचे'. तुम्ही किती फिट आहात, रोज किती धावता याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मॅरेथॉन धावणारा तरुण आडवा होतो आणि त्याची साठीची आई आरामात फिरते, असंही होतं.

सौम्य त्रास एक-दोन दिवसांत जातो. पण काही लक्षणं दिसली तर अजिबात वाट बघायची नसते: बसल्याजागी धाप लागणं, फेसाळ किंवा रक्तमिश्रित खोकला, तोल जाणं, असंबद्ध बोलणं. पहिली दोन फुप्फुसात पाणी साठत असल्याची आणि पुढची दोन मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकतात. अशा वेळी खरा उपाय एकच, लगेच कमी उंचीवर उतरणं. ऑक्सिजन आणि औषधं त्या प्रवासात मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत.

हा त्रास फक्त पर्यटकांना होतो असं नाही. २००७ मध्ये ब्राझीलचा नामांकित फ्लामेंगो क्लब पोतोसीत फुटबॉल सामना खेळायला आला, तेव्हा त्याच्या काही खेळाडूंना मैदानाजवळ ऑक्सिजन घ्यावा लागला. त्याच वर्षी फिफाने २,५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामने खेळवण्यावर बंदी घातली. अँडीजमधल्या देशांनी त्याला जोरदार विरोध केला आणि २००८ मध्ये ती बंदी मागे घेतली गेली. बोलिव्हियाचं म्हणणं साधं होतं: आम्ही जिथे जन्मलो तिथेच खेळायला आम्हाला मनाई कशी करता?

जायचं कसं? खालून वर, हळूहळू

उंचीच्या आजारावर सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे, तो म्हणजे वेळ. साधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवावा.

म्हणून बोलिव्हियात कुठून शिरता हे महत्त्वाचं आहे. विमानाने थेट ला पाझला उतरलात, तर विमानतळच ४,००० मीटरवर आहे. त्याऐवजी सांता क्रूझ या सुमारे ४०० मीटरवरच्या शहरात उतरावं, तिथून सुमारे २,८०० मीटरवरच्या सुक्रेला जावं, तिथे तीन-चार दिवस राहावं आणि मग पोतोसी गाठावं. सुक्रे ही बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी. सुंदर पांढऱ्या इमारतींचं शहर आहे, त्यामुळे हे दिवस वाया जात नाहीत. सुक्रे ते पोतोसी अंतर साधारण दीडशे किलोमीटर आणि बसने तीन-चार तासांचा रस्ता. या टप्प्यात उंची हजार मीटरहून जास्त वाढते, म्हणून पोतोसीतला पहिला दिवस मोकळाच ठेवावा. मिठाच्या प्रसिद्ध मैदानासाठी उयुनीला जाणारे लोकही पोतोसीत थांबतात. उयुनीही साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथून येणाऱ्यांना आधीच थोडी सवय झालेली असते.

पहिल्या दिवशी काय करायचं? फारसं काहीच नाही. चढाच्या गल्ल्यांतून सावकाश चालायचं, पाणी पीत राहायचं, हलकं जेवायचं, दारू टाळायची. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध उंचीच्या त्रासावर दिलं जातं, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि आधीपासून काही आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. हृदय किंवा फुप्फुसांचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच हा बेत ठरवावा.

एक गोष्ट भारतीय प्रवाशांसाठी खास. पोतोसी एवढं थंड आणि उंच आहे की तिथे यलो फीवरचे डास नसतात. पण बोलिव्हियाच्या सखल भागात तो आजार आहे आणि तिथून भारतात परतणाऱ्यांकडे यलो फीवरच्या लसीचं प्रमाणपत्र मागितलं जातं. ते नसेल तर विमानतळावर अडवून काही दिवस विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

कोकाची पानं: तिथे चहा, इथे गुन्हा

पोतोसीत पोहोचल्यावर हॉटेलवाला तुमच्यासमोर गरम पाण्यात हिरवी पानं टाकलेला कप ठेवेल. हा कोकाच्या पानांचा चहा. अँडीजमधले लोक हजारो वर्षांपासून ही पानं चघळत आले आहेत. त्याने तरतरी येते, भूक आणि थकवा कमी जाणवतो. बोलिव्हियात पानं बाजारात उघड विकली जातात आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहेत. पानं म्हणजे कोकेन नव्हे. कोकेन हे त्यातलं एक द्रव्य रसायनांनी वेगळं काढून बनवतात.

पण हा चहा 'आठवण' म्हणून सॅकमध्ये टाकून घरी आणू नका. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कोकाचं पान बाळगणं गुन्हा आहे. वाटेतल्या अनेक देशांतही तसंच आहे. नोकरीसाठी किंवा खेळासाठी तुमची अमली पदार्थांची चाचणी होणार असेल, तर तिथेही जपून, कारण साधा कोकाचा चहा पिऊनसुद्धा ती चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

एवढ्या उंचीवर शहर वसवलं कुणी आणि का?

जिथे झाड उगवत नाही, धान्य पिकत नाही, रात्री पाणी गोठतं, अशा ठिकाणी कुणी शहर का वसवेल? उत्तर एका शब्दात आहे: चांदी.

१५४५ मध्ये स्पॅनिश लोकांना सेर्रो रिकोमधल्या चांदीचा पत्ता लागला. दिएगो वाल्पा नावाच्या एका स्थानिक माणसाने रात्री थंडीत शेकोटी पेटवली आणि सकाळी राखेत चांदीचा ओघळ चमकताना दिसला, अशी दंतकथा सांगितली जाते. कथेचं काहीही असो, त्यानंतर माणसांचा लोंढा आला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोतोसीची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास गेली होती. त्या काळातल्या युरोपातल्या मोठमोठ्या शहरांशी बरोबरी करणारा हा आकडा आहे. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे सोळाव्या शतकाच्या अखेरीस जगात निघणाऱ्या चांदीपैकी निम्म्याच्या आसपास चांदी या एका डोंगरातून येत होती. स्पॅनिश भाषेत आजही एखादी गोष्ट फार मौल्यवान आहे हे सांगताना 'तिची किंमत एक पोतोसी आहे' असं म्हणतात.

सुरुवातीची शुद्ध, वरवरची चांदी लवकरच संपली. मग १५७० च्या दशकात पाऱ्याचा वापर सुरू झाला. खनिजाची भुकटी करायची, त्यात पारा मिसळायचा, पारा चांदीला पकडतो, मग तापवून पारा उडवून लावायचा. पारा पेरूमधल्या वांकावेलिका इथल्या खाणीतून यायचा. खनिज कुटणाऱ्या गिरण्यांना पाणी लागायचं, म्हणून शहराच्या वरच्या डोंगरांत धरणं बांधून तलाव केले गेले. त्यातलं एक धरण मार्च १६२६ मध्ये फुटलं आणि पाण्याचा लोंढा शहरातून गेला. शेकडो घरं आणि गिरण्या वाहून गेल्या, माणसं तर मोठ्या संख्येने मेली.

'मिता': सक्तीची वेठबिगारी

डोंगरात उतरायला माणसं कुठून आणायची? स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात इंका राजवटीतली एक जुनी पद्धत उचलली आणि तिचं रूप पार बदलून टाकलं. इंकांच्या काळात 'मिता' म्हणजे प्रत्येक गावाने रस्ते, शेती, बांधकाम अशा सार्वजनिक कामासाठी आळीपाळीने माणसं देणं. तोलेदोच्या मितात ठरवून दिलेल्या प्रांतांना दरवर्षी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा पोतोसीला पाठवावा लागे. सुरुवातीला हा आकडा वर्षाला सुमारे १३,५०० होता. काही जण शेकडो किलोमीटर चालत, बायकामुलं आणि लामांचे कळप घेऊन येत. मजुरी मिळे, पण तिच्यात पोट भरत नसे.

मिता टाळण्यासाठी लोक गावं सोडून पळाले, त्यामुळे उरलेल्यांवरचा भार आणखी वाढला. ही पद्धत दोनशेहून अधिक वर्षं चालली आणि १८१२ मध्ये स्पेनच्या संसदेने ती कागदोपत्री रद्द केली. १८२५ मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला, तेव्हा सिमोन बोलिव्हार स्वतः सेर्रो रिकोवर चढून गेला. स्वातंत्र्याचा उत्सव करायला त्याला याहून बोलकी जागा सापडली नसती.

या इतिहासाबद्दल 'इथे ८० लाख लोक मेले' असा आकडा सोशल मीडियावर सर्रास फिरतो. अनेक इतिहासकारांना तो मान्य नाही, कारण एका शहराच्या खाणींशी तो जुळत नाही. साथीचे आजार, स्थलांतर आणि सगळ्या प्रदेशातली लोकसंख्येची घट त्यात एकत्र मिसळली जाते. पण आकडा फुगवलेला आहे म्हणून क्रौर्य कमी होत नाही. मिताच्या नोंदी पुरेशा भयंकर आहेत.

पोतोसीची चांदी आणि आपला रुपया

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

मुघल काळातला चांदीचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा होता. पण भारतात चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. मग एवढे रुपये पाडायला चांदी कुठून आली? युरोपीय व्यापाऱ्यांना भारतातलं सुती कापड, नीळ, मिरी हवी होती आणि बदल्यात द्यायला त्यांच्याकडे इथे खपेल असा माल नव्हता. म्हणून ते चांदी आणत. ती बहुतांशी पेरू आणि मेक्सिकोच्या खाणींतून स्पेनला गेलेली, तिथून युरोपभर पसरलेली आणि जहाजांनी सुरतेला उतरलेली असे. यातलं नावाजलेलं नाणं म्हणजे आठ रियालचं. त्याचं वजन सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे दोन रुपयांहून थोडं जास्त. सुरतेच्या टांकसाळीत ही नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडले जात.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये ज्या सुरतेवर छापा घातला, ती सुरत याच व्यापाराने गब्बर झालेली होती. दक्षिण अमेरिकेतल्या एका थंड डोंगरात कुणीतरी पाठीवरून वर आणलेलं खनिज फिरत फिरत आपल्या इतिहासापर्यंत असं येऊन पोहोचलं.

आणखी एक पाहुणा याच अँडीजमधून आला: बटाटा. त्याचं मूळ घर हेच डोंगर. पोतोसीच्या बाजारात काळ्या-पांढऱ्या खड्यांसारखे दिसणारे 'चुन्यो' मिळतात. बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. असे बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. आपल्याकडची सांडगे-कुरडयांची वाळवणं आठवतील.

शहरात काय बघायचं?

सर्वात आधी टांकसाळ, म्हणजे 'कासा नासिओनाल दे ला मोनेदा'. पोतोसीतली पहिली टांकसाळ १५७० च्या दशकातली. सध्याची भव्य दगडी इमारत १७७३ मध्ये पूर्ण झाली. आत चांदीच्या पट्ट्या लाटणारी प्रचंड लाकडी यंत्रं आहेत. ती स्पेनहून आणलेली, आणि ती फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं जुंपलेली असत. १६४० च्या दशकात इथल्या नाण्यांत चांदी कमी भरल्याचं उघड झालं आणि जगभर पोतोसीच्या नाण्यांवरचा विश्वास उडाला. त्या प्रकरणात एका धनाढ्य व्यापाऱ्याला १६५० मध्ये देहदंड झाला आणि पुढे नाण्यांची घडणच बदलावी लागली. आज बोलिव्हियाची नाणी परदेशात पाडून आणली जातात.

याच संग्रहालयात अठराव्या शतकातलं एक चित्र आहे, त्यासमोर थोडा वेळ थांबा. त्यात कुमारी मेरीचा झगा म्हणजेच सेर्रो रिको डोंगर आहे. झग्यावर खाणीच्या वाटा, माणसं, लामा दिसतात आणि वर फक्त मेरीचा चेहरा आणि हात. चर्चसाठी ती मेरी आहे. अँडीजमधल्या माणसासाठी ती पाचामामा, म्हणजे धरणीमाता. दोन्ही एकाच चित्रात. चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नाही.

त्याशिवाय सान लोरेन्सो चर्चचा कोरीव दरवाजा, सान फ्रान्सिस्को मठाच्या छतावरून दिसणारं शहर आणि सांता तेरेसा मठ या गोष्टी बघण्यासारख्या आहेत. हे शहर १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ऑगस्टच्या शेवटी येत असाल तर 'चुटिलोस' उत्सवात रस्तोरस्ती नाचणारे गट भेटतील.

खाणीत उतरावं का?

आता मुख्य प्रश्न. पोतोसीत 'माइन टूर' मिळते. बूट, हेल्मेट, दिवा देतात, खाणकामगारांच्या बाजारात नेतात, तिथून कामगारांसाठी कोकाची पानं, शीतपेय, हातमोजे घ्यायला सांगतात आणि मग डोंगरात नेतात.

आत जे दिसतं ते खरं आहे. १९५२ मध्ये मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९८५ मध्ये जगात कथिलाचे भाव कोसळले, सरकारी खाण महामंडळाने वीस हजारांहून अधिक कामगार काढले, आणि त्यातले बरेच जण सहकारी संस्था करून पुन्हा त्याच डोंगरात उतरले. 'सहकारी' म्हटल्यावर आपल्याला साखर कारखाना आठवतो. इथे तसं नाही. बहुतेकांना ठरावीक पगार नाही. तुमच्या टोळीने जेवढं जस्त, शिसं, कथील, चांदी यांचं मिश्र खनिज काढलं, तेवढीच कमाई. सुरक्षेचा खर्चही ज्याचा त्याने करायचा. दगडाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, म्हणजे फुप्फुसं हळूहळू दगडासारखी कडक होतात. त्यावर बरं करणारं औषध नाही. १८ वर्षांखालील मुलांना खाणीत काम करायला कायद्याने बंदी आहे, तरीही मुलं आत गेलेली आहेत. बाहेर टाकलेल्या दगडांतून खनिज निवडणाऱ्या बायकांना 'पालिरी' म्हणतात. त्यांत अनेक जणी खाणीत नवरा गमावलेल्या आहेत.

बोगद्यात एका कोनाड्यात शिंगं असलेली मातीची मूर्ती बसलेली असते. हा 'तिओ'. स्पॅनिशमध्ये तिओ म्हणजे काका किंवा मामा. जमिनीच्या वर देव, जमिनीच्या खाली तिओ, असा हिशेब. कामगार शुक्रवारी त्याच्याजवळ बसतात, त्याच्या तोंडात पेटलेली सिगारेट ठेवतात, पानं आणि दारू वाहतात. खनिज तो देतो आणि राग आला तर माणूसही तोच ठेवून घेतो. आपल्याकडे वेशीवरच्या रखवालदार देवाला नारळ देऊन पुढे जाणारा माणूस हे लगेच समजेल.

टूरच्या बाजूने बोलणारे म्हणतात: गाइड बहुतेक जुने खाणकामगार असतात, त्यांना याने धुळीबाहेरचा रोजगार मिळाला, आणि जगाला ही परिस्थिती कळते. विरोधात बोलणारे म्हणतात: दुसऱ्याच्या मरणाच्या जागेचा हा तमाशा आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

निर्णय तुमचा. पण जाणार असाल, तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ही संग्रहालयातली खाण नाही, चालू खाण आहे. दरड, विषारी वायू, उतारावरून धडधडत येणाऱ्या खनिजाच्या गाड्या, आर्सेनिकमिश्रित धूळ हे सगळं तुमच्यासाठीही तेवढंच खरं आहे. दमा, बंद जागेची भीती किंवा उंचीचा त्रास असेल तर जाऊ नका. पोतोसीत आल्या दिवशी तर नाहीच. कामगाराचा फोटो काढण्याआधी त्याला विचारा. मुलगा दिसला तर कॅमेरा खिशात ठेवा. पूर्वी पर्यटकांना डायनामाइटचा स्फोट करून दाखवत. असा 'शो' कुणी देऊ केला तर नाही म्हणा, कारण डोंगर आधीच पोखरलेला आहे. आणि बक्षिसाच्या भावनेने दारूची बाटली नेण्यापेक्षा धुळीपासून वाचवणारे चांगले मास्क आणि हातमोजे न्या.

उतरायचं नसेल तरी काही बिघडत नाही. डोंगराच्या पायथ्याचा कामगारांचा बाजार आणि टांकसाळ बघूनही पोतोसी पुरेसं कळतं.

डोंगर आतून पोकळ होतोय

जवळपास पाचशे वर्षं खोदून सेर्रो रिकोची चाळण झाली आहे. २०११ मध्ये शिखराजवळ मोठा खड्डा पडला. तो भरायचे प्रयत्न झाले, ४,४०० मीटरच्या वर खाणकामाला मनाई करण्यात आली, तरी खोदकाम पूर्ण थांबलं नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसीला 'धोक्यातला वारसा' या यादीत टाकलं.

खाणी बंद करा म्हणणं सोपं आहे. पण हजारो कुटुंबांची चूल या डोंगरावर पेटते आणि शहरात त्याच्या तोडीचा दुसरा रोजगार नाही. डोंगर वाचवायचा तर कामगारांना काय द्यायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. २०१० मध्ये सेर्रो रिकोचं जतन आणि इतर मागण्यांसाठी पोतोसीकरांनी १९ दिवस शहर बंद ठेवलं, रस्ते अडवले, आणि परदेशी पर्यटकही आत अडकले. त्यामुळे प्रवासाच्या बेतात एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा. रास्ता रोको बोलिव्हियात नेहमीचा आहे.

खायचं काय?

पोतोसीचा खास पदार्थ 'कालापुर्का', म्हणजे मक्याच्या पिठाचं दाट सूप. त्यात तापवलेला दगड टाकून ते ताटलीत खदखदत समोर आणतात. रस्त्यावर सकाळी 'साल्तेन्या' मिळतात, आपल्या करंजीसारख्या दिसणाऱ्या, आत रसरशीत सारण असलेल्या. दोन्हींत बहुधा मांस असतं. शाकाहारींनी नुसतं 'सिन कार्ने' म्हणून थांबू नये, कारण त्याचा अर्थ 'गोमांस नको' असा घेऊन चिकन वाढलं जाऊ शकतं. 'चिकनही नको, मासेही नको' असं स्पष्ट सांगावं. राजगिऱ्याच्या जातकुळीतल्या किनोआचं सूप, बटाटे, मका, चीज यावर निभावतं.

आणि हो, इथे पाणी सुमारे ८६-८७ अंशांनाच उकळतं. म्हणून डाळ-तांदूळ घेऊन हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उतरलात तर आधी प्रेशर कुकर आहे का ते विचारा. साध्या पातेल्यात डाळ शिजायची वाट बघत बसाल.

थोडक्यात लक्षात ठेवा

कधी जावं: मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो आणि स्वस्त हॉटेलांत हीटर असेलच असं नाही. डिसेंबर ते मार्च पावसाळा.

काय न्यावं: थरावर थर घालता येतील असे गरम कपडे, टोपी, गॉगल, सनस्क्रीन. थंडी असली तरी एवढ्या उंचीवर ऊन त्वचा भाजून काढतं.

भाषा: स्पॅनिश आणि केचुआ. इंग्रजीवर विसंबू नका, चार स्पॅनिश वाक्यं पाठ करून जा.

पैसे: चलन बोलिव्हियानो. सुटे जवळ ठेवा.

व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून पक्के करून घ्या.

जाता जाता एक गोष्ट करा. चहाचे पैसे देताना हातातलं बोलिव्हियाचं नाणं नीट बघा. त्यावरच्या राजमुद्रेत एक शंकूच्या आकाराचा डोंगर आहे. तो सेर्रो रिको. देशाने त्याला आपली ओळख मानलं आहे आणि रोज सकाळी त्याच डोंगराच्या पोटात, गालात कोकाची पानं धरून, माणसं उतरत आहेत. तुम्ही खाणीत जा किंवा जाऊ नका, पण पोतोसीहून परतताना नुसता 'सर्वात उंच शहर' असा फोटो टाकू नका. त्याखाली या माणसांबद्दल दोन ओळी नक्की लिहा.

तुमच्यापैकी कुणी लेह, स्पिती किंवा अँडीजमध्ये उंचीचा त्रास अनुभवला असेल, तर काय उपयोगी पडलं ते कमेंटमध्ये सांगा. पुढे जाणाऱ्यांना त्याची मदत होईल.